फर्नेसचा पंखा थांबेचना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फर्नेस म्हणजे घर तापवणारी भट्टी. पहिले सात महिने तक्रारीला जागाच नव्हती. घर पटकन तापायचं, आवाज बेताचा. मग एका रात्री बर्नर विझला, तरी ब्लोअर, म्हणजे गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा, चालूच.

बर्नर विझल्यावर पंखा दीड-दोन मिनिटं फिरतोच, आत उरलेली ऊब खोल्यांत जावी म्हणून. पण अर्धा तास झाला, जाळीतून गार वारा यायला लागला आणि माझी झोप उडाली. थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान ठरवायच्या भिंतीवरच्या डबीवर, पंखा ‘ऑटो’वरच होता. तरी माझा राग त्याच्यावरच. शेवटी तो भिंतीवरून काढला, तर पंखा फिरतोच आहे! सर्व्हिसवाल्याने फोनवरच निकाल दिला: भट्टी चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला, नवा घ्या. बोर्डवरचा रिले, म्हणजे पंखा चालू-बंद करणारा स्विच, चिकटला की पंखा थांबत नाही, हे खरं. पण न बघता एवढा खर्च? मी नाही म्हटलं.

आता माझी खरी तक्रार. बोर्डवरचा दिवा लुकलुकून बिघाडाचा कोड सांगतो. कोडचा तक्ता मात्र भट्टीच्या दाराच्या आतल्या बाजूला. दार उघडलं की सेफ्टी स्विच वीज तोडतो आणि दिवा विझतो! आधी दारातल्या बारीक काचेतून लुकलुक मोजायची, मग दार काढायचं. हे मला दुसऱ्या खेपेला कळलं. चार वेळा लुकलुक, म्हणजे माझ्या मॉडेलमध्ये लिमिट स्विच उघडा. भट्टी जास्त तापली की तो बर्नर बंद करतो आणि बोर्ड पंखा चालू ठेवतो. मी ज्याला बिघाड म्हणत होतो, तो बचाव होता.

फिल्टर तुंबून हवा अडली की भट्टी जास्त तापते. म्हणून फिल्टर ओढून काढला, तर धुळीचा करडा थर नमद्यासारखा सुटून आला. तीन महिने बघितलाच नव्हता, ती चूक माझी. नवा घातला, पंखा थांबला.

दहा दिवसांनी पुन्हा तेच, फिल्टर स्वच्छ असताना. वीज बंद केली, लिमिट स्विच गार होऊ दिला, वायरी काढून मल्टिमीटर लावला. गार असूनही सर्किट जुळत नव्हतं. म्हणजे स्विचच गेलेला. दोन स्क्रू, दोन वायरी, त्याच मापाचा नवा बसवला. बोर्डाच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही. स्विच वगळून वायरी थेट जोडायचं मात्र मनातही आणू नका. भट्टी जास्त तापून हीट एक्स्चेंजर, म्हणजे जळालेला वायू घरातल्या हवेपासून वेगळा ठेवणारा धातूचा भाग, तडकला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येऊ शकतो.

महिना झाला, पंखा वेळेवर थांबतोय. यंत्रावरचा माझा राग गेलाय, तक्त्यावरचा नाही. तो मी मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या बाहेर, काचेच्या शेजारी चिकटवलाय.