सेवेचं रोस्टर लावायचं ॲप : 'नाही' म्हणायची सोय आहे म्हणून चार स्टार

चर्चमधल्या सेवेचं रोस्टर लावायला हे ॲप बरेच महिने वापरतेय. क्वायर, संडे स्कूल, साऊंड, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं यावरच चालतं. आधी व्हॉट्सॲप ग्रुपवर चालायचं आणि तिथे प्रॉब्लेम असा की सगळ्यांसमोर नाव घेऊन विचारलं की माणसाला नाही म्हणताच येत नाही, तो अंगठा टाकतो आणि मग रविवारी तोंड पाडून येतो नाहीतर येतच नाही.

इथे नाव लावलं की त्या एकट्या माणसाला नोटिफिकेशन जातं, खाली 'हो' आणि 'नाही', दोन्ही बटणं सारख्याच आकाराची. 'नाही' दाबलं तर कारणाचा रकाना येतो पण तो रिकामा सोडला तरी चालतं. कोणाला ही किरकोळ गोष्ट वाटेल, मला तर अख्ख्या ॲपमधली सगळ्यात ख्रिस्ती गोष्ट हीच वाटते.

का ते सांगते. बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाने फिलेमोन नावाच्या ख्रिस्ती माणसाला लिहिलेलं पत्र काढून बघा, 25च वचनं आहेत. पौल कैदेत आहे, वय झालंय, फिलेमोनाचा गुलाम अनेसिम त्याच्या हाताशी आहे आणि पौल सरळ लिहितो की याला माझ्याजवळच ठेवून घ्यावं असं माझ्या मनात होतं. इच्छा लपवत नाही. आणि इच्छा वाईट तरी कुठे होती, सुवार्तेसाठी बेड्यांत पडलेल्या माणसाला मदतीला कोणीतरी हवंय, याच्याहून चांगलं कारण काय असणार? हुकूम करायचा अधिकार आहे हेही 8व्या वचनात सांगून टाकतो. तरी 14व्या वचनात म्हणतो की तुझी संमती घेतल्याशिवाय काही करायचं नाही, तुझं चांगलं काम जबरदस्तीचं नको, राजीखुशीचं हवं. आणि अनेसिमला परत पाठवतो. आधी ठेवून घेऊन मागून पत्र लिहिलं असतं तर फिलेमोन थोडाच नाही म्हणणार होता, पण तशा होकाराला काय अर्थ?

आमच्याकडे कीबोर्ड वाजवणाऱ्या एक ताई आहेत. त्यांनी क्वायरच्या पुढच्या सगळ्या तारखांना 'नाही' दाबलं आणि आजाऱ्यांच्या भेटींच्या टीमला नाव दिलं. मला त्या क्वायरमध्येच हव्या होत्या, अजूनही हव्यात, गाणाऱ्याचा सूर जरा घसरला की त्या हळूच दोन पट्ट्या दाबून त्याला परत वर आणतात, ते दुसऱ्या कोणाला जमत नाही, आणि त्यात नाताळची गाणी तोंडावर आलेली. फोन करून "ताई, देवाने दिलेलं दान आहे, असं टाकू नका" एवढं म्हटलं असतं तर त्या थांबल्या असत्या हे मला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच तो फोन केला नाही. देवाचं नाव पुढे केलं की समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. एक मेसेज टाकला, 'क्वायरमध्ये तुमची उणीव भासेल, तिकडे मनापासून करा', बस. आता गिटारवर भागवतो, काही गाणी जमतच नाहीत, ती सोडून देतो.

पौलाचा सहकारी अपुल्लोस, त्याचंही बघा ना, करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र, 16:12. पौलाने त्याला करिंथला जायची खूप विनंती केली, त्याची तेव्हा जायची अजिबात इच्छा नव्हती, सवड मिळाली की येईल एवढं लिहून पौल पुढच्या विषयाला लागतो. टोमणा नाही, तक्रार नाही. हे वचन आपल्याकडे प्रवचनात कधी येतच नाही, यायला पाहिजे.

आता तक्रारी. पहिली, रिमाइंडरचा तयार मजकूर. उत्तर दिलं नाही की ॲप आपोआप 'देवाच्या कामाला तुमची गरज आहे' असं पाठवतं. हा शुद्ध दबाव आहे. सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतो, मी 'या रविवारी जमेल का? नाही म्हणालात तरी चालेल' असा करून घेतला, पण किती कोऑर्डिनेटर तिथपर्यंत जाणार!

दुसरी खरी मोठी. दोन टीमचे लीडर आपापसात ठरवून एखाद्याला या टीममधून त्या टीममध्ये टाकू शकतात, त्याला स्वतःला फक्त कळवलं जातं, विचारलं जात नाही. इथे मला अनेसिम आठवतो. त्या पत्रात पौलाचं मन कळतं, फिलेमोनाची संमती मागितली जाते, पण अनेसिमला स्वतःला काय हवं होतं ते एका ओळीतही येत नाही. तो गुलाम होता, त्या काळात त्याला कोण विचारणार. पौल मात्र फिलेमोनाला सांगतो की आता त्याला दास म्हणून नाही, प्रिय बंधू म्हणून घे, आणि बंधू म्हटलं की आज तरी त्याला विचारायला नको का?

कोणी म्हणेल पौलाचं पत्रही दबावाचंच आहे, 19व्या वचनात तू स्वतःच माझा ऋणी आहेस याची आठवण करून देतो, शिवाय पत्र अफ्फिया, अर्खिप्प आणि घरात जमणाऱ्या मंडळीलाही लिहिलेलं. मुद्दा खोटा नाही, दबाव आहेच. पण त्याच वचनाआधी अनेसिमचं काही देणं असेल तर ते माझ्या खाती मांड असंही लिहितो, आणि माणूस तर हातातून सोडून दिलेला. पत्र पोचेल तेव्हा निर्णय फिलेमोनाच्या दारात.

बाकी स्पीड ठीक, मराठी फॉन्ट कधी कधी तुटतो, कॅलेंडर छान. मोठ्या मंडळीला खूप उपयोगी, दहाबारा जणांच्या मंडळीने एकमेकांना समोरासमोर विचारावं, ॲपची गरज नाही. ट्रान्सफरला त्या माणसाचा 'हो' घ्यायचं बटण द्या, पाचवा स्टार लगेच देते.