किकनं सुरू न होणारी डर्ट बाईक: सोलापुरातल्या आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीत जुनी २५० सीसी फोरस्ट्रोक डर्ट बाईक घेतली. कार्बोरेटरवाली, फक्त किक, सेल्फ नाही. रस्त्याचं पासिंग नाही, म्हणून छोट्या हत्तीत टाकून तुळजापूर रोडकडच्या ओळखीच्यांच्या पडीक माळावर नेतो. चालायला गाडी अप्रतिम आहे. मुरमाच्या चढावर ती जशी उचलते, तसं सुख मला दुसऱ्या कुठल्याच गाडीनं दिलं नाही. त्रास दिला तो सुरू व्हायलाच.

पहिली चूक माझ्या हाताची होती. या कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंप असतो. एक्सलेटर पिळला की दर वेळी आत पेट्रोलची पिचकारी उडते. रोजच्या बाईकच्या सवयीनं मी किक मारताना पिळत राहायचो आणि प्लग भिजायचा. आता थंड इंजिनला चोक ओढतो, मूठ मोकळी ठेवतो आणि किक अर्धवट न मारता वरून खालपर्यंत एका दमात मारतो. इंजिन तापलेलं असेल तर चोक नाही, हॉट स्टार्टची लीव्हर, म्हणजे आत जादा हवा सोडणारी.

संक्रांतीनंतर तीन आठवडे गाडी उभी राहिली आणि मग चोकशिवाय चालेनाच. पायलट जेट, म्हणजे मूठ मोकळी असताना इंजिनला पेट्रोल देणारी कार्बोरेटरमधली बारीक नळी, चोंदला होता. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढं. इथेनॉलचं पेट्रोल उभ्या गाडीत जुनं झालं की पहिल्यांदा तेच बंद होतं. तार घालून भोक मोठं करू नका, क्लीनर आणि हवेनं साफ करा. तेव्हापासून गाडी उभी करण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करतो.

मार्चमध्ये मात्र सगळं साफ, प्लग नवा, ठिणगी निळी, तरी चाळीस किका. उतारावर धक्का दिला की लगेच सुरू! मी पुन्हा दोनदा कार्बोरेटर खोलला. शेवटी अक्कलकोट रोडकडच्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मालक, व्हॉल्व्ह टाइट झालाय. किकला कॉम्प्रेशन मिळंना, धक्क्याला मिळायलंय."

व्हॉल्व्ह टाइट म्हणजे त्याच्या वरचा गॅप संपलेला. मग तो पूर्ण मिटत नाही आणि इंजिनमधला दाब गळतो. धक्क्यात इंजिन जास्त वेगानं फिरतं, त्यामुळे थोडी गळती असली तरी पकडतं. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर मोजलं. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये इनटेकच्या (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हला ०.१० ते ०.१५ मिमी गॅप दिलाय, तिथं ०.०५ ची मोजायची पातीही शिरेना. पातळ शिम (गॅप ठरवणाऱ्या छोट्या चकत्या) टाकले आणि तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मला खरंच गहिवरून आलं.

कारण सापडलं ते एअर फिल्टरपाशी. स्पंजच्या कडेला ग्रीस नव्हतं. आत बोट फिरवलं तर आपल्या माळावरचा बारीक फुफाटा बोटाला लागला. तोच व्हॉल्व्हचं तोंड आणि ते जिथं टेकतं ती सीट घासत होता, म्हणून व्हॉल्व्ह वर सरकून गॅप संपला. म्हणून आता दर फेरीनंतर फिल्टर धुतो, फिल्टरचं तेल मुरवतो, कडेला ग्रीस लावतो. मे महिन्यात हे टाळायचा मोह होतो, पण मी टाळत नाही.

मिस्त्रींनी एक बजावलंय: शिम बदलल्यावर गॅप पुन्हा लवकर कमी झाला, तर व्हॉल्व्हच संपलाय, मग शिमवर भागवू नका. जूनअखेर मोजलं, गॅप ०.१० वर टिकून आहे. सकाळी थंड गाडी दोन-तीन किकांत घेते.