1347 की 1348: विधी संशोधन केंद्रात उर्दू दप्तर वाचून घेताना

बीड जिल्ह्यातील तहसील कचेरीत आणि तालुका न्यायालयात वकिली करणाऱ्या माझ्यासारख्याचा विद्यापीठाच्या संशोधन केंद्राशी एरवी काही संबंध येत नाही. गेल्या वर्षी एका कुळाच्या नातवाचे प्रकरण हाती आले, निजामकाळातील उर्दू कागद खात्रीने वाचणारे जवळपास कोणी मिळेना, तेव्हा मराठवाड्यातील एका विद्यापीठाच्या विधी संशोधन केंद्राची पायरी चढलो.

आपल्याकडे कुळाचा प्रश्न आजही हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 याखालीच सोडवावा लागतो. बाजारातील मार्गदर्शक पुस्तके मात्र बहुधा 1948 च्या मुंबई कायद्यावर बेतलेली असतात. त्यामुळे मुंबई कायद्यातील 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन (कुळाने जमीन विकत घेतली असे मानण्याचा दिवस) आणि त्या खरेदीची किंमत ठरवणारे कलम 32-ग तोंडपाठ असलेले नवे वकील आपल्याकडचे, संरक्षित कुळाला मालकी देणारे कलम 38-ई समोर आले की अडखळतात. केंद्राने मुंबईचा, हैदराबादचा आणि विदर्भाचा 1958 चा असे तिन्ही कायदे शेजारी शेजारी मांडून केलेले टिपण मला तेथे वाचायला मिळाले. इतक्या वर्षांच्या वकिलीत मला इतके उपयोगी पडलेले दुसरे टिपण आठवत नाही.

खरी कसोटी लागली ती उर्दू कागदाच्या वेळी. हैदराबाद कायद्याच्या कलम 34 प्रमाणे संरक्षित कूळ ठरण्याचा एक मार्ग असा, की 1342 ते 1352 या फसली सालांच्या (निजामकाळातील महसुली वर्षांच्या) आत सलग सहा वर्षे जमीन कुळाच्या वहिवाटीत असावी. आमच्या पक्षकाराची सगळी भिस्त याच अटीवर होती. पूर्वी एकाने करून दिलेल्या मराठी भाषांतरात वहिवाटीचे पहिले साल 1348 लिहिले होते; तेथून 1352 पर्यंत मोजली तर पाचच वर्षे भरतात, म्हणजे दावा तेथेच संपतो. केंद्रातील संशोधक विद्यार्थिनीने मूळ उर्दू नोंदीची नक्कल खिडकीपाशी नेली, भिंग लावले आणि त्याच पानावरील दुसऱ्या नोंदींतले सात आणि आठ हे अंक एकेक करून मला दाखवले. उर्दूत सात खाली टोक करून लिहितात आणि आठ वर टोक करून. शाई फिकी झाली होती, तरी टोक खालीच होते. साल 1347 होते, म्हणजे त्यात 590 मिळवले की येणारे 1937-38, आणि 1347 ते 1352 ही सहा वर्षे पूर्ण भरत होती. मी ते पान तीनदा पाहिले. ज्या घराने या जमिनीवर तीन पिढ्या घाम गाळला, त्याचा हक्क एका पुसट टोकावर टेकला होता, ही गोष्ट अजून मनातून जात नाही.

केंद्राने दिलेल्या वाचन-टिपणात हे प्रमाणित भाषांतर नसल्याचे पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. पुराव्यासाठी प्रमाणित भाषांतर आम्हाला वेगळे करून घ्यावे लागले. खिदमतमाश (सेवेबद्दल दिलेल्या) आणि मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) इनाम जमिनींच्या कागदांवरही तेथे काम चालते. त्याचा मला थेट अनुभव नाही.

आता उणिवा. या वाचन-टिपणासाठी मला जवळजवळ दीड महिना थांबावे लागले, कारण उर्दू वाचणारी ती एकच विद्यार्थिनी होती आणि तिला स्वतःच्या प्रबंधाचेही काम होते. तिचा प्रबंध संपल्यावर हे काम कोण करणार, असे मी विचारले, तेव्हा कोणालाही उत्तर देता आले नाही. ज्या संस्थेच्या दारात मोडी आणि उर्दू दप्तर घेऊन माणसे येतात, तेथे हे काम जाणणारा कायम माणूस नसावा, हे मला अजिबात पटत नाही. दुसरे असे की केंद्राचे बहुतेक अहवाल इंग्रजीत आहेत. ज्यांच्या सातबाऱ्यावर या संशोधनाचा परिणाम होतो, त्यांना आणि तालुक्यातील बहुसंख्य वकिलांनाही ते मराठीत हवेत. निदान तो तीन कायद्यांचा तौलनिक तक्ता तरी आधी मराठीत यावा.

जाणाऱ्यांनी झेरॉक्स नेऊ नये. झेरॉक्समध्ये फिकी शाई उडते आणि वाचणाऱ्याचा नाइलाज होतो. प्रमाणित नक्कल, तिचा दिवसाच्या उजेडात काढलेला रंगीत फोटो, आणि जमिनीचा जुना सर्व्हे नंबर व नवा गट नंबर एका कागदावर लिहून सोबत ठेवावा. दूरच्या गावाहून येणार असाल तर आधी फोन करून उर्दू वाचणारी व्यक्ती त्या दिवशी आहे ना, एवढे विचारून निघावे.