‘आधी मासा सांगा’ म्हणणारं फिश टँकचं दुकान (नाशिक रोड)

दुकान जेमतेम एका गाळ्याचं. बाहेर पिशव्यांत फुगवलेले गप्पी टांगलेले, आत ओल आणि मोटरची घरघर. मालक काकांना म्हटलं, टँक दाखवा, तर म्हणाले, “ताई, आधी मासा सांगा, मग काच कापतो.” आजवर जिथे जिथे चौकशी केली तिथे पहिला प्रश्न बजेटचा होता, त्यामुळे मी तिथेच थांबले.

माझ्या लेकाला गोल्डफिश हवे होते, तेही काचेच्या गोल भांड्यात. काकांनी मागच्या टँकमधला वाढलेला गोल्डफिश दाखवला, शेपूट धरून चांगला वीतभर. म्हणाले, “हा घाण फार करतो. दोन ठेवायचे तर तीन फुटी घ्या, नाहीतर दुसरा मासा निवडा.” तीन फुटीला आमच्या हॉलमध्ये जागाच नव्हती. शेवटी झेब्रा आणि प्लॅटी ठरले. दोन्ही चिवट, आणि उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत बोअरचं जड पाणी येतं, ते प्लॅटींना उलट मानवतं. लेक अर्धा तास फुरंगटून बसला होता, ते वेगळं.

मग माप. मला आवडली होती ती उभट टँक, 12 बाय 12 आणि उंची 24 इंच. कोपऱ्यात छान दिसली असती. काकांनी वहीत हिशेब मांडला: तीच टँक आडवी केली तरी पाणी तेवढंच, साधारण 56 लिटर, पण हवेला भिडणारा पृष्ठभाग 144 ऐवजी 288 चौरस इंच. ऑक्सिजन तिथूनच आत जातो, आणि झेब्रासारख्या माशांना पळायला लांबी लागते, उंची नाही. शिवाय उभट टँकच्या तळाशी हात पोचवायचा म्हणजे खांद्यापर्यंत बाही वर करावी लागते. शेवटी 24 बाय 12 बाय 15 ठरली. कागदावर 70 लिटर, पण खाली खडी आणि वर दोन इंच मोकळे सोडले की खरं पाणी 55 च्या आसपास. औषध घालायचं ते या आकड्यावर, हे त्यांनी दोनदा बजावलं.

पाणी, काच, खडी मिळून वजन ऐंशी किलोच्या घरात जातं. शोकेसवर ठेवायचा विचार तिथेच बारगळला. लोखंडी अँगलचा स्टँड त्यांच्याकडूनच घेतला आणि तो मात्र निकृष्ट निघाला. एक पाय आखूड, टँक ठेवण्याआधीच डुगडुगत होता. बदलून दिला, पण तीन फोन केल्यावर. काचेखाली थर्माकोलची शीट आठवणीने मागा, स्वतःहून देत नाहीत.

फिल्टर मागे टांगायचा, हँगऑन. खोक्यावर ताशी 500 लिटर लिहिलंय. काकांचं म्हणणं, टँकमधलं पाणी तासाला चार-पाच वेळा फिरायला हवं, म्हणजे अडीचशे-तीनशे पुरे. पण खोक्यावरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, स्पंज भरला की धार निम्मी होते, म्हणून वरचं मॉडेल घ्यायचं. माझा अनुभवही तोच. एक खोड आहे: पाणी दोन बोटं उतरलं की धबधब्याचा आवाज रात्री हॉलभर घुमतो. आणि वीज जाऊन आली की मोटर कधीकधी नुसतीच गुरगुरते, वरून मगभर पाणी ओतावं लागतं. जोडीला साधा स्पंज फिल्टर आणि एअर पंप घेतलाय. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात उतरतं. हा इवलासा व्हॉल्व्ह न मागता मिळाला.

हीटर मुंबईच्या नणंदेला लागत नाही, पण निफाडचा पारा पेपरात यायला लागला की आमच्या हॉलमधलं पाणीही गारठतं. लिटरला एक वॉट हे ढोबळ गणित. मी 100 वॉटचा उचलला होता, तो काकांनी परत ठेवून 50 चा दिला. थर्मोस्टॅट अडकला तर मोठा हीटर मासे शिजवतो, छोटा तुम्हाला सावध व्हायला वेळ देतो. हीटरच्या चकतीवर मात्र भरवसा नको: ती 26 दाखवते तेव्हा माझा काचेवरचा थर्मामीटर 24 सांगतो. पाणी बदलताना हीटर आधी बंद करायचा, कोरडा तापला की काच तडकते.

दिव्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. साधा एलईडी, सात तास. जास्त ठेवला की काच हिरवी.

मला खरं आवडलं ते हे: त्या दिवशी मासे दिलेच नाहीत. स्वतःच्या चालू टँकमधला कळकट स्पंज पाण्यासकट पिशवीत बांधून दिला, म्हणाले, हा तुमच्या फिल्टरात टाका, त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू आहेत. पिळला तर चहाच्या रंगाचं पाणी निघत होतं, आमच्या ह्यांनी नाक मुरडलं. एरवी नवी टँक स्थिरावायला चार ते सहा आठवडे जातात, या स्पंजाने ते लवकर होतं. तरीही आधी चारच झेब्रा, बाकीचे नंतर. स्पंज धुवायचा तोही टँकमधून काढलेल्या पाण्यात, नळाच्या क्लोरीनने जिवाणू मरतात.

किमती ऑनलाइनपेक्षा थोड्या चढ्याच. झाडं घेऊ नका, कुजकी असतात आणि गोगलगायी फुकट येतात. ‘सकर टाका, काच साफ ठेवतो’ हे दुकानातला पोऱ्या सांगतो, काका नसताना. तो मासा फूटभर वाढतो, दोन फुटीत नकोच. आणि रविवारी जाऊ नका, गर्दीत काकांना वही उघडायला वेळ नसतो. मधल्या वारी दुपारी चारनंतर गाठा, जाताना जागेचं माप टेपने घेऊन जा.