वेबओडीएमचं सेल्फ-कॅलिब्रेशन: पंचगंगेकाठच्या सपाट रानात वापरल्यानंतर

गेले काही महिने फँटम ४ प्रो ड्रोन आणि वेबओडीएम (ड्रोनच्या फोटोंवरून नकाशा आणि जमिनीची उंची काढणारं सॉफ्टवेअर) घेऊन कोल्हापूरजवळची प्रयाग चिखली, आंबेवाडीकडची मळीची रानं मोजतोय. ऑर्थोफोटो, म्हणजे फोटो जोडून केलेला मापाचा नकाशा, सुरेख येतो, त्यावर जास्त लिहीत नाही. खरा प्रश्न उंचीचा. इथली माणसं एकच विचारतात, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी एवढ्या फुटाला गेलं की आमच्या दारात येतंय काय?" इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. मधल्या चार फुटांत कुणी कधी घर सोडायचं ते ठरतं. तिथं वीतभर चूक मला चालत नाही.

उंचीतली चूक सुरू होते कॅमेऱ्यापासून. लेन्स कडेला प्रतिमा किंचित ओढते, सेन्सर लेन्सच्या बरोबर मध्यावर बसलेला नसतो, थंडीतली सकाळ आणि एप्रिलची दुपार यांत फोकल लेंग्थही थोडी हलते. ही चूक प्रत्येक फोटोत एकाच दिशेने येते, म्हणून नुसते फोटो वाढवून ती जात नाही. सेल्फ-कॅलिब्रेशनमध्ये कॅमेऱ्याची ही मापं त्याच उड्डाणाच्या फोटोंवरून, बंडल ॲडजस्टमेंटच्या (सगळ्या फोटोंच्या जागा आणि जमिनीवरचे बिंदू एकत्र सोडवणारं गणित) आतच सोडवली जातात. कल्पना जुनी आहे: फोटोंवरून मोजणीच्या शास्त्रातले संशोधक एब्नर यांनी १९७६ मध्ये १२ आणि ग्रुएन यांनी १९७८ मध्ये ४४ जादा पॅरामीटर, म्हणजे कॅमेऱ्याची चूक सांगणारे आकडे, सुचवले होते. आपल्या ड्रोनसाठी ब्राऊन मॉडेल, म्हणजे के१ ते के३ (लेन्सचं कडेला ओढणं) आणि पी१, पी२ (लेन्स किंचित तिरकी बसल्याची चूक), पुरेसं पडतं.

अडचण सपाट रानात येते. कॅमेरा सरळ खाली, उंची एकच, जमीन सपाट, अशा वेळी फोकल लेंग्थ बदलली की ड्रोनची उंची बदलली, हे गणिताला वेगळं ओळखता येत नाही. या कॅमेऱ्याची फोकल लेंग्थ साधारण ३६५० पिक्सेल. १०० मीटरवरून उडताना एका पिक्सेलचा फरक म्हणजे उंचीत जवळपास २.७ सेंटीमीटर. के१ थोडा चुकला तर सगळं रान उपड्या परातीसारखं मधोमध फुगतं. जेम्स आणि रॉबसन या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच दाखवून तिरके फोटो घ्यायला सांगितलं होतं.

मी एकच रान वेगवेगळ्या पद्धतीने चालवून बघितलं. फक्त सरळ पट्टे आणि कोपऱ्यांवर जीसीपी (जमिनीवर खूण करून नेमके मोजलेले बिंदू) ठेवले, तेव्हा जीसीपी तंतोतंत जुळले. रिपोर्टवर समाधान मानलं असतं तर विषय तिथंच संपला असता. पण मोजलेले, पण गणितात न घेतलेले चेक पॉइंट क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये डीईएमवर (उंचीच्या नकाशावर) टाकले, तर मधल्या बांधावर जमीन वीतभर वर. त्याच रानावर काटकोनात दुसरे पट्टे उडवले, जिंबल (कॅमेरा धरणारा भाग) थोडा तिरका करून एक फेरी घातली आणि मध्यात एक जीसीपी वाढवला. फुगवटा जवळजवळ गेला. सॉफ्टवेअर तेच, सेटिंग तीच. त्याला सोडवायला पुरेसा भूमितीचा आधार मिळाला, एवढाच फरक.

दुसरा उपायही उपयोगी पडला. जोतिबाच्या उतारावर चढ-उतार भरपूर, त्यामुळे तिथं फोकल लेंग्थ नीट सुटते. त्या कामातून निघालेली कॅमेऱ्याची फाइल सपाट रानाच्या कामाला देता येते आणि पॅरामीटर गोठवताही (न बदलता तसेच ठेवताही) येतात. मात्र दोन्ही उड्डाणं एकाच दिवसाची, फोकस न हलवता केलेली हवीत. महिन्यापूर्वीची फाइल वापरली तर चूक परत येते. रोजच्या कामाला मी गोठवत नाही. क्रॉस ग्रिड (काटकोनातले दोन्ही पट्टे) आणि तिरके फोटो यांवरच माझा जास्त भरवसा आहे.

ऊस उभा असताना मात्र कशाचाच उपयोग नाही. पानं वाऱ्यावर हलतात, दोन फोटोंतले बिंदू जुळत नाहीत, आणि जमीन दिसतच नाही. ऊसतोड झाल्यावर, खोडवा वर यायच्या आत उडवा.

वेबओडीएमच्या रिपोर्टमधलं कॅमेऱ्याचं पान आवर्जून उघडा. रेसिड्युअलचे (गणितानंतर उरलेल्या चुकीचे) बाण सगळीकडे विस्कटलेले असतील तर ठीक. कोपऱ्यांत एकाच दिशेने वळलेले दिसले तर लेन्सची चूक अजून शिल्लक आहे.

खर्च वाढतो तो बॅटरी आणि रॅमचा. २५० फोटोंना १६ जीबी लागते, आणि आडवे-तिरके धरून फोटो दुपटीकडे जातात, तेव्हा ३२ जीबीची तयारी ठेवा. पूररेषेचं काम घेणाऱ्याने हा खर्च दरपत्रकात आधीच धरावा, आणि चेक पॉइंटचा तक्ता गावाला नकाशासोबतच द्यावा.