कार्बन, डिंक आणि डब्लिनची टायपिस्ट: पाच महिन्यांनंतर

एप्रिलमध्ये ८९९ रुपये मोजून घेतलेली ही कादंबरी ऑगस्टमध्ये हातातच सुटली. पान ११३ ते १४४, अख्खा जुडगा निसटला. विक्रेत्याला फोटो पाठवले, तीनदा फोन केले. उत्तर एकच: परतीची मुदत सात दिवसांची. आता चारशे पानांचं पुस्तक घर सांभाळून सात दिवसांत कोण संपवतं? एवढ्या पैशांत शिवण नाही, नुसता डिंक. शेवटी कोपऱ्यावरच्या बाइंडरला १२० रुपये दिले, म्हणजे पुस्तक पडलं १०१९ला.

गोष्ट मागच्या कव्हरवर आहेच. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यात डब्लिन कॅसलमधल्या इंग्रजांच्या लष्करी कचेरीतली टायपिस्ट बंडखोरांचं हेरखातं चालवणाऱ्या मायकेल कॉलिन्सच्या माणसांना कागद पुरवते आणि घरात कुणाला पत्ता नाही. नायिका कल्पित असली तरी काम खरं आहे. लिली मर्निन अशीच टायपिस्ट होती. तिचं सांकेतिक नाव 'लिटल जंटलमन', म्हणजे कुणी ऐकलं तरी बाईवर संशय जायचा नाही.

पहिल्या वाचनात मात्र नायिका मला खोटी वाटली, आणि ती एका कार्बनमुळे, म्हणजे दुसरी प्रत उमटावी म्हणून दोन कागदांमध्ये घालतात त्या शाईच्या कागदामुळे. मी २६ वर्षं सरकारी कचेरीत टायपिंग केलं. नायिका एक कार्बन जादा लावते. मूळ प्रत साहेबाला, स्थळप्रत फायलीत आणि तिसरा पातळ कागद पोलक्यात. इथवर पटतं. पण वापरलेल्या कार्बनचं काय? कोरा कार्बन एकदाच वापरून उजेडासमोर धरा, सगळं पत्र वाचता येतं. आमच्याकडे गोपनीय अहवाल झाला की साहेब कार्बन मोजून घेत आणि समोर फाडायला लावत. लेखिकेने कॅसलच्या पायऱ्या, पाऊस, शिपायांचे बूट सगळं रंगवलं आणि ज्याने पोरगी फासावर गेली असती तोच कागद विसरली! माझ्या वहीत तेव्हा लिहिलं होतं: पाचपैकी दोन.

मग मर्निनबाईंची स्वतःची जबानी वाचली. १९४७ ते १९५७ या काळात आयरिश सरकारने स्वातंत्र्यलढ्यातल्या लोकांच्या १,७७३ जबान्या नोंदवून ठेवल्या. त्या २००३मध्ये खुल्या झाल्या, इंटरनेटवर फुकट आहेत. त्यात बाई सांगतात की क्लॉनलिफ रोडवरच्या एका घराची किल्ली त्यांच्याकडे असे. आत टाइपरायटर. जायचं, टाइप करायचं, कागद तिथेच ठेवून निघायचं.

त्यानंतर २१ नोव्हेंबर १९२०चं प्रकरण पुन्हा वाचलं. सकाळी कॉलिन्सची माणसं इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांच्या बिऱ्हाडी जाऊन गोळ्या घालतात. दुपारी क्रोक पार्कवर फुटबॉलच्या सामन्यात सरकारी दलं गोळीबार करतात, त्यात १४ जणांचा जीव जातो. पत्ते टाइप केलेली नायिका त्या रात्री जेवताना बटाटे सोलत राहते, सोललेलेच पुन्हा सोलते. पहिल्यांदा हे मला पानं भरणं वाटलं होतं. तसं नाही.

आणि कार्बन. बाइंडरकडे द्यायच्या आधी सुटी पानं क्रमाने लावताना पान १२७वर दोन ओळी दिसल्या, आधी नजरेतून निसटलेल्या. नायिका घरी आली की कोट काढायच्या आधी शेगडीपाशी बसते आणि जाळीला काळं पॉलिश घासू लागते. आई म्हणते, रोज कशाला घासतेस गं? कार्बन विस्तवात गेलेला असतो, आणि बोटं कशाने काळी झाली हे विचारायचं कारण उरत नाही. लेखिका कार्बन हा शब्दही तिथे लिहीत नाही. टायपिस्टला कळतं. माझी बोटंही संध्याकाळी अशीच असायची, पोळ्या लाटायच्या आधी लिंबू चोळायचे.

शेवटचा पेन्शनचा भाग मात्र घाईत उरकलाय. लढ्यातल्या लोकांसाठी झालेल्या १९२४च्या पेन्शन कायद्यात बायका नव्हत्याच, १९३४मध्ये त्यांना जागा मिळाली, तीही वरिष्ठांच्या साक्षीने सेवा सिद्ध केल्यावर. जिने मागे कागद राहू नये म्हणून जीव काढला, तिने आता कागद आणायचा. यावर पन्नास पानं हवी होती, मिळाली नऊ. माझी पेन्शन एका दाखल्यासाठी सात महिने अडली होती, त्यामुळे हा भाग मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा रडले.

पाचपैकी साडेचार. अर्धा डिंकाचा कापला. घ्यायची तर पुठ्ठा बांधणीची घ्या आणि पान १२७ सावकाश वाचा.