सेजची पानं: गुळणीला आणि तुपाला, हिवाळाभर वापरल्यानंतर

मी जर्मनीत हाइडलबर्गमध्ये किंडरगार्टनमध्ये काम करते. दिवसभर मुलांशी बोलायचं आणि खोलीत हीटरची कोरडी हवा, त्यामुळे ऑक्टोबर लागला की घसा धरतोच. इथे त्यावर घरोघरी सेज वापरतात. आपोथेकेत, म्हणजे इथल्या औषधाच्या दुकानात, ‘झाल्बाय’ (सेजचं जर्मन नाव) मागितलं की करड्या-हिरव्या, लवदार पानांचा चुरा मिळतो. तुळस आणि पुदिन्याच्याच कुळातली ही वनस्पती. हिवाळाभर वापरल्यावर माझं मत असं झालंय की पान गुणी आहे, पण पाण्यात घातलं तर ते एक काम करतं आणि तुपात घातलं तर दुसरंच.

आधी गुळणी. 100 मिलिलिटर उकळत्या पाण्यात अडीच ग्रॅम पानं घालते, झाकण ठेवते, दहा मिनिटांनी गाळते आणि कोमट झालं की दिवसातून तीनदा गुळण्या करते. झाकण महत्त्वाचं, कारण सिनिओल आणि कापूर ही उडून जाणारी द्रव्यं वाफेबरोबर निघून जातात. (चव कापरासारखी लागते ती उगाच नाही, पानात खरोखरच कापूर असतो.) पहिल्या गुळणीला तोंड आक्रसतं इतकी तुरट चव आहे. हा तुरटपणा रोझमारिनिक आम्ल आणि टॅनिनांचा. ही द्रव्यं पाण्यात सहज उतरतात आणि सुजलेल्या घशावर बसतात. खवखव आणि गिळताना होणारी टोचणी मला त्याच दिवशी कमी वाटायची, आवाज मात्र विश्रांती घेतल्याशिवाय सुटायचा नाही.

जंतुनाशक म्हणून याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची? प्रयोगशाळेत सेजचे अर्क स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंना चांगलेच आवरतात. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, तिथे त्यांचा जोर ओसरतो. पण काचेच्या बशीत जंतू आणि अर्क तासन्‌तास एकत्र असतात, गुळणी घशाला मिनिटभर लागते. स्वित्झर्लंडमध्ये सेज आणि एकिनेशिया ही दुसरी औषधी वनस्पती यांच्या घशाच्या स्प्रेची तुलना क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक) आणि लिडोकेन (बधिर करणारं औषध) यांच्या स्प्रेशी झाली होती. 2009 साली तिचे निष्कर्ष आले, त्यात घशाचं दुखणं कमी करण्यात वनस्पतींचा स्प्रे मागे पडला नव्हता. हे आश्वासक आहे, पण तो प्रमाणित अर्क होता, घरचा काढा नव्हे. ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, मानेत गाठी असं काही दिसलं तर गुळण्या करत बसू नका, डॉक्टरकडे जा.

आता तूप, माझा खरा आवडता भाग. आपल्याकडे लोणी कढवताना शेवटी विड्याचं पान टाकतात, तिथे मी सेजची पानं टाकते. कार्नोसिक आम्ल आणि कार्नोसॉल ही स्निग्धात विरघळणारी द्रव्यं, चहात ती फारशी उतरतच नाहीत. स्निग्ध पदार्थ हवेने खवट होतो तो एकातून दुसरा मूलक (फ्री रॅडिकल, म्हणजे पटकन प्रक्रिया करणारा अस्थिर कण) तयार होत जाणाऱ्या साखळीमुळे. कार्नोसिक आम्ल त्या मूलकाला स्वतःचा हायड्रोजन देऊन साखळी तोडतं. हे करताना ते स्वतः बदलतं आणि त्यातून तयार होणारं कार्नोसॉलही पुन्हा तेच काम करतं. युरोपात खाद्यपदार्थांत वापरला जाणारा ई 392 हा रोझमेरीचा अर्क याच दोन द्रव्यांवर चालतो, आणि रोझमेरी तर आता वनस्पतिशास्त्रात सेजच्याच प्रजातीत, साल्व्हियात, गणली जाते.

मी एकाच कढवणीच्या दोन बरण्या भरल्या होत्या, एक साधी, एक सेजची. साध्या तुपाला हिवाळा सरताना किंचित खवट वास यायला लागला, सेजच्या तुपाला अजून नाही. दोन बरण्यांवरून नियम सांगता येत नाही, पण त्या तुपाची फोडणी दिलेली मुगाची खिचडी घरात सगळ्यांना आवडली आहे. पानं कुरकुरीत होऊ द्या आणि तूप गाळूनच भरा. ओलं पान बरणीत राहता कामा नये.

काळजीची बाजूही आहे. सेजच्या सुगंधी तेलात थुजोन नावाचं द्रव्य असतं, जास्त प्रमाणात ते मेंदूला त्रास देतं आणि झटके आणतं. म्हणून बाटलीतलं सेजचं तेल पोटात अजिबात घेऊ नका. लहान मुलांना त्यातून झटके आल्याच्या नोंदी आहेत. गरोदरपणात आणि फिट येणाऱ्यांनी सेजच्या काढ्यापासून दूर राहावं. अंगावर पाजणाऱ्या मैत्रिणींनी तर विशेष लक्ष द्यावं, कारण दूध कमी करायलाच इथल्या सुइणी सेजचा चहा सुचवतात. मी स्वतः घसा दुखतो तेवढेच दिवस गुळण्या करते, आठवड्यापुढे लांबवत नाही.

घेताना सुपरमार्केटच्या चहाच्या पुड्यांपेक्षा आपोथेकेतली सुटी पानं घ्या. औषधी प्रतीच्या चिरलेल्या पानात किलोमागे किमान 10 मिलिलिटर सुगंधी तेल असावं लागतं, आणि डबा उघडल्याबरोबर तो फरक नाकाला कळतो. नुसता चहा प्यायचा असेल तर ग्रीक सेज बघा. त्यात थुजोन बरंच कमी आणि सिनिओल जास्त असतं, चवही सौम्य. तुपाला मात्र मी नेहमीचंच घेणार.